धुराडी आणि अभ्यासिका

न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'ने १९६१ साली केवळ एका इमारतीवर प्रदर्शन भरविले. इमारत नुकतीच उभी राहिली होती. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची 'आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळा' ती हीच, आणि तिचे वास्तुरचनाकार लुई कान. महायुद्धोत्तर अमेरिकेतील थोर वास्तूंमध्ये तिची गणना तेव्हापासूनच होऊ लागली आणि ती अद्याप होते. २००९ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जाही मिळाला. मात्र ज्यांच्यासाठी ती बांधली त्या संशोधकांनी लवकरच तिच्या खिडक्यांवर चंदेरी कागद आणि पुठ्ठे चिकटविण्यास सुरुवात केली. ऊन थेट टेबलावर आणि डोळ्यांवर येई, खोल्या तापत, आणि वास्तुकलेचे विद्यार्थी तीर्थयात्रेला यावे तसे येऊन काचेतून आत डोकावत.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा पेच अगदीच अनोळखी वाटू नये. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या १९७४ च्या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा ज्या दोन भूमिका समोरासमोर उभ्या केल्या, त्या आपण बहुधा कवितेच्या आणि कादंबरीच्या संदर्भात वाचत आलो. कविता मिटवून बाजूला ठेवता येते. इमारतीत मात्र रोज आठ-दहा तास काढावे लागतात, आणि तिचा आस्वाद घेणारा एक व तिच्यात घाम पुसणारा दुसरा असे बहुतेक वेळा घडते. वास्तुकलेच्या इतिहासात पहिल्याचे म्हणणे छापले जाते. दुसऱ्याचे म्हणणे काचेवरच्या पुठ्ठ्यावरून ताडावे लागते.

विद्यापीठांच्या आरोग्य-संशोधनाच्या इमारतींना हा दुसरा माणूस फार महत्त्वाचा, कारण गेल्या सहा-सात दशकांत त्यांच्याकडून दोन अपेक्षा उघडपणे केल्या जाऊ लागल्या. निरनिराळ्या शाखांच्या माणसांनी तेथे एकमेकांशी बोलावे ही एक, आणि त्यांना तेथे बरे वाटावे ही दुसरी. आमचे म्हणणे असे आहे की, या इतिहासात एकत्र येण्याच्या जागांचा जेवढा गाजावाजा झाला तेवढा एकटे बसण्याच्या जागेचा झाला नाही, आणि जेथे काही साधले तेथे ते या दुसऱ्या जागेच्या आधाराने साधले. कान यांच्याच दोन इमारती शेजारी ठेवून पाहिल्या की हे दिसते.

प्रथम रिचर्ड्स या नावाविषयी. आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स हे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ. मूत्रपिंडाच्या कार्यावरचे त्यांचे संशोधन विख्यात आहे. १९२५-२६ मध्ये हॉवर्ड फ्लोरी हा तरुण ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आला असता काही काळ त्यांच्या प्रयोगशाळेत होता. पुढे १९४१ साली हेच फ्लोरी पेनिसिलिनचे काम घेऊन इंग्लंडहून अमेरिकेत आले. तेव्हा अमेरिकेच्या युद्धकालीन वैद्यकीय संशोधन समितीची सूत्रे रिचर्ड्स यांच्याकडे आली होती. सरकारी प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि औषध कंपन्या यांना एका कामाला जुंपण्यात त्यांचा वाटा मोठा होता. पेनिसिलिनची ही गोष्ट सहकार्याचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते. तिच्या मुळाशी पंधरा वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत शेजारी उभे राहून केलेले काम होते, हे मात्र सांगायचे राहून जाते. अशा माणसाचे नाव या इमारतीला मिळाले. युद्धानंतर वैद्यकीय संशोधनाकडे सरकारी पैसा वाहू लागला होता, आणि विद्यापीठांना जागा कमी पडू लागली होती.

जुन्या प्रयोगशाळेचा साचा ठरलेला होता. मधोमध लांबच लांब, अंधारी मार्गिका, दोन्ही बाजूंना दारे, दारांवर नावे; मार्गिकेच्या छतातून नळ, तारा आणि वायुवाहिन्या. कान यांना हा साचा मान्य नव्हता. नळ आणि वायुवाहिन्या यांचा आपल्याला तिटकारा आहे, आणि म्हणूनच त्यांना त्यांची हक्काची जागा द्यावी लागते, अन्यथा त्या सगळी इमारत गिळून टाकतील, अशा अर्थाचे ते बोलत. १९५७ साली काम हाती आले तेव्हा त्यांनी इमारतीचे सरळ दोन वर्ग पाडले: ज्या जागांची सेवा करायची त्या, आणि सेवा करणाऱ्या. प्रयोगशाळांचे आठ मजली मनोरे, प्रत्येक मजला पंचेचाळीस फुटांचा चौरस, मध्ये एकही खांब नाही. जिने आणि दूषित हवा बाहेर फेकणारी धुराडी त्या चौरसांच्या बाहेर, विटांच्या उंच, खिडक्या नसलेल्या स्तंभांत. मधल्या मनोऱ्यात उद्वाहक, यंत्रे, प्रयोगांसाठीचे प्राणी; आणि ताजी हवा आत ओढणाऱ्या चार नाकपुड्या, बाहेर टाकलेल्या हवेपासून जितक्या दूर ठेवता येतील तितक्या दूर. संशोधकाने स्वतःच फेकलेली हवा पुन्हा श्वासात घेऊ नये, हा विचार त्यामागे होता. आरोग्याची काळजी याहून मूलभूत पातळीवर कोणी काय घेणार?

ऑगस्ट कोमेंडन्ट या अभियंत्याने साच्यातून काढलेल्या काँक्रीटच्या तुळया यारीने एकमेकींत बसविल्या. त्या भरीव नसून चौकटींच्या आहेत. त्यांच्या पोकळीतून नळ आणि वाहिन्या जातात. कोपऱ्याकडे भार कमी होत जातो तशी तुळई पायरीपायरीने बारीक होते, आणि कोपरा पूर्ण काचेचा उरतो. छायाचित्रात हा कोपरा अप्रतिम दिसतो. याच कोपऱ्यात ऊन सर्वांत जास्त.

तक्रारी केवळ उन्हाच्या नव्हत्या. उघड्या ठेवलेल्या नळांवर धूळ साचे, आणि ज्याला निर्जंतुक काम करायचे त्याला ती परवडणारी नव्हती. काहींनी खाली खोटे छत टांगले. मोकळ्या चौरसात आडोसा नव्हता, म्हणून ज्याने त्याने लाकडी आणि काचेच्या भिंती घातल्या, कपाटे उभी केली. कान यांच्या मनात संशोधकाची जी प्रतिमा होती ती चित्रकारासारखी होती: मनोऱ्याचा एक मजला म्हणजे एक कार्यशाळा, तीत उत्तम उजेड, आणि चारपाच समानधर्मी माणसे. वैद्यकीय संशोधकाला उजेडापेक्षा अनेकदा अंधार लागतो, स्थिर तापमान लागते; आणि हातातील यंत्र तासभर गुरगुरत असताना डोके शांत ठेवण्यासाठी चार भिंती लागतात. रेनर बॅनम यांनी १९६९ मधील आपल्या ग्रंथात, यंत्रणेच्या वाहिन्यांना स्मारकाची भव्यता देण्याच्या या खटाटोपावर टीका केली, ती कठोर असली तरी निराधार नाही. बाहेरून पाहावे तर धुराडी हाच इमारतीचा नायक वाटतो. माणसाच्या बसण्याच्या जागेवर तेवढा विचार खर्च झालेला दिसत नाही. (आडनावावर कोटी करण्याचा मोह येथे प्रत्येक मराठी लेखकाला होईल. आम्ही तो आवरतो. कारण कान पुढे ऐकू लागले.)

डिसेंबर १९५९ मध्ये जोनास सॉल्क कान यांना भेटावयास फिलाडेल्फियाला आले. त्यांची पोलिओ-प्रतिबंधक लस गुणकारी असल्याची घोषणा १९५५ च्या एप्रिलमध्ये झाली होती, आणि त्यांना आता स्वतःची संशोधनसंस्था काढावयाची होती. रिचर्ड्स प्रयोगशाळेचे काम त्यांनी पाहिले. पिकासोला बोलावता येईल अशी प्रयोगशाळा आपल्याला हवी आहे, असे सॉल्क म्हणाल्याची आठवण कान सांगत. हे वाक्य पुढे इतके गाजले की त्याचा अर्थ पाहायचे राहून गेले. येथे गिऱ्हाइकाने एका खोलीची मागणी केलेली नाही. वैद्यकाच्या बाहेरचा माणूस आत येऊन बसू शकेल अशा घराची मागणी केली आहे. घर म्हटले की ओसरी आली तसे माजघरही आले.

पॅसिफिकच्या काठावर ला होया येथे सान दिएगो शहराने जमीन दिली आणि पोलिओविरोधी कामासाठी उभारलेल्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाने पैसा. कान यांनी शास्त्रज्ञांना विचारण्यास सुरुवात केली. एका व्याख्यानात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. तुम्ही दुपारचे जेवण कोठे घेता असे विचारता, टेबलावरच्या परीक्षानळ्या बाजूला सारून तेथेच जेवतो, असे उत्तर आले. आवाजाचा त्रास होत नाही काय, असे विचारता एकेकाने पाढाच वाचला: शीतकपाटांचा आवाज भयंकर, अपकेंद्री यंत्रांचा भयंकर, नळाच्या पाण्याचा भयंकर, वातानुकूलनाचा तर विचारूच नका. सवय झालेल्या माणसाला आपल्याला काय नको आहे ते विचारल्याशिवाय सांगता येत नाही. कान यांनी यातून निष्कर्ष काढला तो असा की, प्रयोगशाळेला स्वच्छ हवा आणि हवी तशी बदलता येणारी जागा द्यावी, आणि विचार करण्यासाठी तिच्यापासून वेगळी, लाकडी टेबलाची आणि सतरंजीची खोली द्यावी.

१९६५ मध्ये उभ्या राहिलेल्या सॉल्क संस्थेत हे जसेच्या तसे आहे. प्रयोगशाळांचे दोन लांब खंड. प्रत्येक दालन सुमारे ६५ फूट रुंद, २४५ फूट लांब, एकही खांब न घालता. दर प्रयोगशाळेच्या माथ्यावर नळ आणि वाहिन्यांसाठी एक स्वतंत्र मजला, माणूस उभ्याने चालू शकेल एवढा. म्हणजे रिचर्ड्समध्ये छतावर धूळ खात उघडे पडलेले नळ येथे वरच्या मजल्यावर राहावयास गेले. वर दुरुस्ती चालू असता खाली प्रयोग थांबत नाही. आणि मग चौकाच्या बाजूस, प्रयोगशाळेपासून सुटे असे अभ्यासिकांचे मनोरे. एकंदर छत्तीस अभ्यासिका. काँक्रीटच्या भिंतीत सागवानाची तावदाने बसविलेली, आणि प्रत्येकीची एक भिंत समुद्राकडे तिरकी वळविलेली, त्यामुळे आत बसलेल्याला समुद्र दिसतो.

येथे एक बारकावा आहे, आणि आमच्या मते साऱ्या रचनेचे मर्म त्यात आहे. अभ्यासिका प्रयोगशाळेच्या पातळीवर नाहीत. त्या नळांच्या मजल्याच्या पातळीवर आहेत. अभ्यासिकेत जायचे तर प्रयोगशाळेचे दार ओढून, छोटा पूल ओलांडून, उघड्या हवेत जिना चढावा किंवा उतरावा लागतो. ही यातायात मुद्दाम ठेवली आहे. यंत्रांच्या गुरगुरीतून निघालेला माणूस या दहा-वीस पावलांत मोकळा होतो, आणि याच पावलांत त्याला दुसरा कोणी भेटतो. अभ्यासिकांच्या खाली प्रयोगशाळेच्या पातळीवर मोकळ्या पडव्या सोडल्या आहेत, आणि तेथील भिंतींत पाटीचे दगड बसविले आहेत. बोलता बोलता सूत्र काढून दाखवावेसे वाटले तर खडू उचलावा. भेटीची जागा म्हणून वेगळा दिवाणखाना काढलेला नाही. ती दोन एकांतांच्या मधल्या वाटेवर आपसूक तयार झाली आहे. एकत्र येण्यासाठी म्हणून जी इमारत मुद्दाम योजली होती, ग्रंथालय, भोजनगृह आणि पाहुण्यांच्या खोल्या असलेले समुद्रकाठचे सभागृह, ती कधी बांधलीच गेली नाही.

सॉल्क यांचे श्रेय येथे नोंदविले पाहिजे. आधीच्या आराखड्यात प्रयोगशाळांचे चार खंड आणि दोन बागा होत्या, आणि काम बरेच पुढे गेले होते. १९६२ मध्ये सॉल्क यांनी तो नाकारला: दोन बागा म्हणजे दोन संस्था होतील, एकीतला माणूस दुसरीत जाणार नाही. कान यांना ते लागले असणार. पण त्यांनी पुन्हा आरंभापासून काम केले. दोन खंड आणि एक चौक हे आज जगभर ओळखीचे झालेले रूप या नकारातून आले. वाचकाने लेखकाला खर्डा परत करावा आणि लेखकाने तो खरोखर पुन्हा लिहावा, असे वाङ्मयातही क्वचित घडते. चौकात झाडे लावण्याचा विचार मात्र अखेरपर्यंत होता. १९६६ साली मेक्सिकोचे वास्तुरचनाकार लुई बारागान यांना कान यांनी तेथे बोलावले, आणि येथे एकही पान असू नये, दगडी अंगण असावे, म्हणजे आकाशाच्या बाजूनेही इमारतीला दर्शनी भाग मिळेल, असा सल्ला त्यांनी दिला. तो पाळला गेला. पाण्याची एक बारीक रेघ त्या अंगणातून समुद्राकडे जाते. हे अंगण सुंदर आहे. पण ते रेंगाळण्याचे नाही, सावली नाही म्हणून. कान यांच्यातला अलौकिकतावादी येथे पुन्हा जिंकला, असे आम्ही म्हणू.

त्याच दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजला वेगळा प्रयोग चालू होता. १९६२ मध्ये उघडलेल्या तेथील रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेच्या इमारतीला वास्तुकलेच्या इतिहासात स्थान नाही. तिच्या वरच्या मजल्यावर एक उपाहारगृह होते आणि प्रमुख मॅक्स पेरुट्झ यांच्या पत्नी गिझेला यांनी ते वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. सकाळची कॉफी, दुपारचे जेवण, चारचा चहा. नोबेल मिळालेला आणि काल रुजू झालेला एकाच बाकावर. या प्रयोगशाळेचे यश सांगताना तेथील माणसे या चहाचा उल्लेख हटकून करतात. फ्रान्सिस क्रिक आणि सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये वीस वर्षे एक खोली वाटून घेतली होती; क्रिक पुढे सॉल्क संस्थेत गेले आणि २००४ मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिले. जवळिकीच्या या परिणामाला आकड्यांचे पाठबळ १९७७ साली मिळाले. एमआयटीतील थॉमस ॲलन यांनी संशोधक-अभियंत्यांच्या संभाषणाची मोजदाद करून दाखविले की, दोन टेबलांमधील अंतर वाढू लागताच त्यांवरच्या माणसांचे बोलणे झपाट्याने कमी होते. सुमारे पन्नास मीटरनंतर ते जवळजवळ संपतेच.

ॲलन यांचा हा आलेख पुढे विद्यापीठांच्या वास्तुरचनाकारांना पाठ झाला, आणि त्याचा एकच अर्थ काढला गेला: भिंती पाडा. २००३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात उघडलेले जेम्स क्लार्क केंद्र हे या अर्थाचे सर्वांत देखणे रूप. नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाची ही रचना. वैद्यक, अभियांत्रिकी आणि विज्ञान यांच्या शाखांमधल्या जागेवर ते मुद्दाम उभारले; टेबलांना चाके; वीज आणि वायू छतातून; भिंती काचेच्या; आणि आतली मार्गिका काढून टाकून तिच्या जागी बाहेरून, अंगणाभोवती फिरणारे सज्जे. मराठी वाचकाला हे चित्र गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीचे वाटेल, आणि ते तसेच आहे: खोलीतून बाहेर पडलेला माणूस चारचौघांच्या नजरेस पडल्याशिवाय जिन्यापर्यंत पोहोचत नाही. चाळीत राहिलेल्या पिढीला या व्यवस्थेची ऊब ठाऊक आहे, तसेच तिच्यात एक पत्रही एकट्याने वाचता येत नसे हेही ठाऊक आहे. २०१८ मध्ये दोन कंपन्यांच्या मुख्यालयांचा एक अभ्यास 'रॉयल सोसायटी'च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बंद जागेतून मोकळ्या जागेत हलविल्यावर माणसांचे समोरासमोरचे बोलणे सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले, आणि ईमेल वाढली. सगळे पाहत असले की माणूस डोके खाली घालून बसतो.

बरे वाटण्याचा प्रश्नही या इमारतींत उशिराच शास्त्राच्या कक्षेत आला. १९८४ साली रॉजर उल्रिख यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या: पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले तेवीस रुग्ण झाडे दिसणाऱ्या खिडकीशी, आणि त्यांच्याशी मिळतेजुळते तेवीस विटांची भिंत दिसणाऱ्या खिडकीशी. झाडांच्या बाजूचे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. तेव्हापासून संशोधनकेंद्रांच्या माहितीपुस्तकांत हिरवळीचे एक छायाचित्र असतेच. सॉल्क येथील तिरकी भिंत याहून वीस वर्षे जुनी आहे, आणि तिच्यामागे कोणताही तक्ता नव्हता.

कोणी विचारील की, इमारतीला एवढे महत्त्व द्यावेच कशाला? वाल्देमार हाफकिन यांनी १८९६ च्या अखेरीस मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली आणि एक मार्गिका एवढ्या जागेत प्लेगवरची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. आक्षेप खरा आहे. पण हाफकिन यांनी ते काम जवळजवळ एकट्याने आणि जिवावर उदार होऊन केले. आणि १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा हलली ती लस मोठ्या प्रमाणावर करण्याची वेळ आली म्हणूनच. शिवाय साथीच्या दिवसांतील निकड हा रोजच्या संशोधनाचा नमुना मानला तर रोजच्या संशोधकावर अन्याय होईल.

सॉल्क संस्थेचा आराखडा नव्याने चालला होता त्याच १९६२ मध्ये कान अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेच्या कामाला लागले. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांच्या पुढाकाराने हे काम त्यांच्याकडे आले होते. तेथील मार्गिका इतक्या रुंद आहेत की तास संपल्यावर विद्यार्थ्यांनी तेथेच थांबून वाद चालू ठेवावा. आणि उन्हासमोर काच नाही, मोठ्या गोल उघडण्या असलेली विटांची जाड भिंत आहे, तिच्या मागे सावली. फिलाडेल्फियाच्या उन्हात जो धडा मिळाला तो अहमदाबादच्या उन्हात वापरलेला दिसतो. मार्च १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया स्थानकात कान यांचे निधन झाले.

रिचर्ड्स इमारत उभी आहे. अलीकडच्या दुरुस्तीत तिच्यातील रासायनिक प्रयोगशाळा बऱ्याचशा हलविण्यात आल्या आणि मजले संगणकावर काम करणाऱ्यांसाठी नव्याने सजविले गेले. मेंदू आणि आकलन यांचा अभ्यास करणारे लोक तेथे आता बसतात. विटांच्या धुराड्यांना पूर्वीइतके काम उरलेले नाही. कोपऱ्यातल्या काचेशी टेबल मांडून बसणाऱ्यांपैकी काहींचा विषय, माणसाला दिसते कसे, हा आहे.